दारावरचे भालदार-चोपदार

श्रोतेहो, कामाकाजासाठी तुम्ही नागपूरला येता. कचेरीत खेपा घालता, इतवारीत बाजार करता आणि संध्याकाळची एस.टी. गाठता. पुढल्या खेपेला तासभर काढा आणि महालातून पायी चाला. गांधी गेटातून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजातून, आत शिरा. गोंड राजा बख्त बुलंदाने 1702 च्या सुमारास वसवलेले आणि पुढे रघुजी भोसल्यांनी राजधानी केलेले नागपूर ते हेच. भोसल्यांचा मोठा वाडा 1864 साली जळाला. नगारखाना तेवढा वाचला.

याच भागात चितारओळ आहे. चितारी म्हणजे चित्रे काढणारा, आणि ओळ म्हणजे त्यांची आळी. आज ही ओळ मातीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे; गणपतीच्या आधी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. पण नाव पाहा, मूर्तीवरून पडलेले नाही, चित्रावरून पडलेले आहे!

लग्न ठरले की घराला चुना लागायचा आणि चितारी बोलावला जायचा. दारावर गणपती, दोन्ही अंगांना भालदार-चोपदार, पुढे हत्ती, घोडेस्वार, मोर. काव, पिवडी, नीळ आणि काजळी, एवढ्यावर त्याचे काम भागे. हे रंग डिंकाच्या पाण्यात खलून सुक्या चुन्यावर लावायचे. त्यामुळे चित्र झटपट होई, आणि तितक्याच लवकर जाई. दोन पावसाळे झेलले म्हणजे पुष्कळ. पुढच्या लग्नाला पुन्हा चुना, पुन्हा हत्ती. म्हणून ‘इतकी जुनी कला, मग जुनी चित्रे कुठे आहेत?’ असे विचारणे व्यर्थ आहे. जुने काही उरावे अशी त्या कलेची रीतच नव्हती. उरायचा तो हात. आता मांडवाच्या दारात छापील फलक लागतो, आणि हात रिकामा राहतो. एखाद्या जुन्या भिंतीचा पोपडा सुटतो, खालून हत्तीची सोंड डोकावते, इतकेच.

2023 च्या मार्चमध्ये सी-20 परिषदेचे पाहुणे नागपुरात आले, तेव्हा रस्त्याकडेच्या भिंती रंगल्या. वाघ आले, झाडे आली, वारली पद्धतीची माणसे हात धरून नाचू लागली. भिंती चांगल्या दिसतात, यात वाद नाही. पण ठाणे-पालघरची वारली इथे आली आणि चार पावलांवरचा चोपदार मात्र बाहेरच राहिला, हे काही मनाला पटत नाही.

आणि गंमत अशी, की वारली चित्रही मुळात लग्नाचेच! तांदळाच्या पिठाने सुवासिनी भिंतीवर देवचौक काढतात. बिहारमधील मिथिलेचे कोहबर, तेही वधूवरांच्या खोलीतले. मग ही दोन जगभर गेली कशी? 1966-67 साली बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकला मंडळाने तिथल्या बायकांना चित्रासाठी कागद दिला. त्या कामासाठी खेड्यापाड्यांतून हिंडणारा माणूस आपलाच होता, भास्कर कुलकर्णी. पुढे त्यांनीच वारल्यांच्या पाड्यांवरही कागद नेला. जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर आयुष्य घातले आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंत धुतली जाते हो, कागद राहतो. आणि कागदाला गिऱ्हाईकही मिळते.

आमच्या चिताऱ्याच्या दारी असा कागद घेऊन कोणी गेले नाही. मूर्तीच्या कामाने त्याला हात दिला खरा, पण त्यातही प्लास्टरच्या स्वस्त मूर्तींशी झुंज आहेच.

शिक्षकमित्रांनो, हे काम शहरातल्या तज्ज्ञांवर सोडू नका. तुमच्या गावात जुन्या माळवदाच्या घरांवर, देवळाच्या ओवरीत, गोठ्याच्या भिंतीवर काही रंग उरले असतील. दिवाळीपूर्वी चुना फिरण्याच्या आत मुलांना वह्या घेऊन पाठवा. फोनने छायाचित्र काढता येते, तेही काढू द्या. मात्र चित्र कोणी काढले, कोणत्या लग्नात, रंग कशाचा, बिदागी काय दिली, हे छायाचित्रात दिसत नाही. ते घरच्या म्हातारीला विचारावे लागते. मुलांनी शाळेतल्या भाषेत विचारू नये; ओट्यावर बसून सरळ म्हणावे, “आजी, तुह्या लग्नात भितीवर काय काढलं होतं वं?” म्हातारी आधी लाजेल, पदर सावरील, आणि मग हत्तीवर कोण बसला होता इथपर्यंत सगळे सांगेल.