मोफत शिक्षणाचा भार कोणी वाहावा?

(पक्षाच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



उच्च शिक्षण विनामूल्य असावे, या मागणीचा ठराव उद्याच्या सत्रात आपल्यापुढे यायचा आहे. त्याला कोणी विरोध करील असे मला वाटत नाही. असे ठराव आपल्याकडे टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात आणि दप्तरात जाऊन पडतात. परंतु आज सकाळच्या चर्चेत एका तरुण साथीने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर दिल्यावाचून हा ठराव मंजूर करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो म्हणाला, "माझी आई दर हंगामात ऊसतोडीला जाते. साबणाची वडी घेतली तरी ती कर भरते. तिच्या करातून शहरातल्या डॉक्टरच्या मुलाची फी आपण का भरायची?" या प्रश्नाने काही साथी अस्वस्थ झाले, त्यांना त्यात प्रतिपक्षाचा सूर ऐकू आला. माझे म्हणणे असे की हा प्रश्न मुळात आपला आहे. आपण तो टाकून दिला, म्हणून तो दुसऱ्यांच्या हाती गेला.

महाराष्ट्रात हा प्रश्न महात्मा फुल्यांनी उभा केला. १८८२ साली हंटर कमिशनला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला बजावले, की महसुलाचा फार मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो, आणि त्यावर चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. वर ओतलेली विद्या आपोआप खाली झिरपेल, हा तत्कालीन राज्यकर्त्यांचा सिद्धांत त्यांनी साफ नाकारला आणि बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. फुल्यांचे एवढे म्हणणे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच निवेदनाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घ्यावे काय, या प्रश्नावर फुल्यांचे उत्तर नकाराचे होते. सरकार बाजूला झाल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पाया आधी घाला, परंतु वरचा मजला खासगी हाती सोडू नका, असे हे दुहेरी मागणे होते.

गेल्या पस्तीस वर्षांत या मागण्याचा अर्धा भाग उचलून आपल्याविरुद्ध वापरला गेला आहे. १९९७ साली केंद्रीय अर्थखात्याने मांडलेल्या अनुदानविषयक चर्चापत्रात उच्च शिक्षणाची गणना, ज्यावरील अनुदान कमी करावे अशा गोष्टींत झाली. २००० साली बिर्ला आणि अंबानी या दोन उद्योगपतींच्या समितीने केंद्राला अहवाल दिला. त्याचे सार, जो शिकेल तो पैसे मोजेल, आणि ज्याच्यापाशी नसतील तो कर्ज काढील, असे होते. गरिबाच्या कराचा पैसा श्रीमंताच्या मुलावर का खर्चावा, हा युक्तिवाद त्यानंतर सर्वतोमुखी झाला. मात्र वाचलेला पैसा गरिबाच्या शाळेवर खर्च झाला काय, हे विचारण्याचे कष्ट त्या युक्तिवादाच्या पुरस्कर्त्यांनी घेतले नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही कोठारी आयोगाची १९६६ सालची शिफारस. १९६८च्या राष्ट्रीय धोरणाने ती स्वीकारली, २०२०च्या धोरणाने पुन्हा उच्चारली. परंतु तो आकडा आजवर एकदाही गाठला गेलेला नाही.

आता त्या ऊसतोड करणाऱ्या आईकडे वळू. तिने उच्च शिक्षणासाठी पैसे द्यावेत की नाही, हा वाद आपण घालतो आहोत. वस्तुस्थिती अशी आहे, की तिने ते केव्हाच दिले आहेत. २००४ साली केंद्राने आपल्या करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसविला. २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी म्हणून आणखी एक टक्का वाढविला. हा उपकर उत्पादनशुल्कावरही होता. म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या वस्तूच्या किमतीतून तो तिच्या पदरापर्यंत पोहोचला. पुढे २०१७ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की या एका टक्क्यापोटी दहा वर्षांत सुमारे ८३ हजार कोटी रुपये गोळा झाले. परंतु त्यासाठी ना स्वतंत्र निधी उभारला गेला, ना योजना निश्चित झाल्या. फुल्यांच्या काळी शेतसाऱ्याबरोबर लोकल फंड वसूल होई आणि शेतकऱ्याच्या गावात शाळा नसे. सव्वाशे वर्षांनी उपकराचे नाव तेवढे बदलले.

तेव्हा आपल्या साथीच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग निकालात निघतो. उरतो तो डॉक्टरच्या मुलाचा. फी ज्याला परवडते त्याने भरावी आणि गरिबाला माफी असावी, हे ऐकायला न्याय्य वाटते. परंतु परवडते कोणाला, हे ठरवायचे कसे? उत्पन्नाच्या दाखल्यावर. ज्या देशात शिक्षकाचा आणि कारकुनाचा पगार कागदावर पैपैने दिसतो, पण सावकाराचे, ठेकेदाराचे आणि जमिनीच्या दलालाचे उत्पन्न कागदावर दिसतच नाही, तेथे हा दाखला न्यायाचा काटा होऊ शकत नाही. शिवाय माफी ही माफीच असते. तिच्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि ती मिळेपर्यंत मुलीचा प्रवेश टांगलेला राहतो. हक्काला रांगेत उभे केले की त्याची कृपा होते.

कर्जाचा मार्ग कोठे जातो, हे इंग्लंडमध्ये दिसून आले आहे. तेथे १९९८ साली एक हजार पौंडांनी सुरू झालेली वार्षिक फी २०१२ साली नऊ हजारांवर गेली. विद्यार्थ्यांच्या माथी कर्ज आले, आणि त्यातील मोठा भाग फिटणार नाही हे सरकारच्याच हिशेबात गृहीत धरावे लागले. उलट, जर्मनीच्या अनेक प्रांतांनी २००६-०७च्या सुमारास लावलेली फी लोकांच्या रेट्यामुळे २०१४ पर्यंत एकापाठोपाठ एक रद्द केली. म्हणजे फी ही निसर्गाची आज्ञा नव्हे. ती लावताही येते आणि काढताही येते.

मग डॉक्टरने काही द्यायचेच नाही काय? अवश्य द्यायचे, आणि आज देतो त्याहून अधिक द्यायचे. पण ते महाविद्यालयाच्या खिडकीवर मुलाची फी म्हणून नव्हे, तर प्राप्तीवर, संपत्तीवर आणि वारशावर कर म्हणून. मुलगा शिकून कमावू लागला की त्यानेही त्याच मार्गाने द्यायचे. हा मार्ग बंद कोणी केला, ते ध्यानात घ्या. वारशावरील इस्टेट ड्यूटी १९८५ साली रद्द झाली. संपत्तीकर २०१५ साली गेला. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर २०१९ साली तीस टक्क्यांवरून बावीसवर उतरला. आधी वरून येणारा पैसा सोडून द्यायचा आणि मग तिजोरी रिकामी आहे म्हणून खालच्याकडे फी मागायची, हा या तीस-चाळीस वर्षांचा अर्थव्यवहार आहे.

असा कर लोक सहन करणार नाहीत, असे कोणी म्हणेल, तर त्याला महाराष्ट्राचाच दाखला द्यावा. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली या राज्याने व्यवसाय कर बसविला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा रक्कम कापली जाऊ लागली आणि तिच्या आधारावर दुष्काळी तालुक्यातल्या मजुराला काम मिळाले. त्या पैशाचे काम पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या रूपाने डोळ्यांना दिसत होते, म्हणून लोकांनी तो कर दिला.

साथींनो, आता थोडे आत्मपरीक्षण. १९८३ साली या राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडली. देणगीची लूट एवढी माजली की १९८७ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्या लुटीविरुद्ध आपण मोर्चे काढले हे खरे, परंतु सरकारी महाविद्यालय तालुक्यात यावे म्हणून किती लढलो? २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क भरण्याचा निर्णय घेतला. त्या मुलींच्या दृष्टीने तो स्वागतार्ह आहे. परंतु त्यातील खासगी संस्थांकडे जाणाऱ्या पैशाकडेही पाहा. तेथे जनता फी भरते, आणि इमारत, जमीन व व्यवस्थापन संस्थाचालकाचे राहते. त्यामुळे 'मोफत' एवढाच शब्द उच्चारून आपले काम संपत नाही. कोणाच्या संस्थेत मोफत, हेही सांगावे लागेल.

शिवाय फी म्हणजे शिक्षणाचा सगळा खर्च नव्हे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली आणि सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि 'कमवा व शिका'चा मार्ग दाखविला. मुलाला वर्गात बसविण्यापूर्वी त्याच्या भाकरीची आणि निवाऱ्याची सोय लागते, हे त्या दोघांना कळले होते. २०२१-२२च्या सरकारी पाहणीप्रमाणे उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. बाहेर राहिलेल्यांतील पुष्कळ जणांची वाट फीच्या खिडकीपर्यंत पोहोचण्याआधीच तुटलेली असते. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणाऱ्या पोराची वाट तर चौथी-पाचवीतच तुटते.

म्हणून उद्याच्या ठरावात मी तीन दुरुस्त्या सुचवितो. पहिली, विनामूल्य उच्च शिक्षणाच्या मागणीबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळा, हंगामी वसतिगृहे आणि तालुक्याच्या गावची वसतिगृहे यांची मागणी त्याच वाक्यात असावी. दुसरी, खर्चाची तरतूद म्हणून वारसा व संपत्तीवरील कर पुन्हा बसवावेत आणि गोळा झालेल्या शिक्षण उपकराचा हिशेब जाहीर करावा, असे ठरावात स्पष्ट नमूद असावे. तिसरी, सार्वजनिक पैसा प्रथम सार्वजनिक संस्थांना मिळावा.

सकाळच्या त्या साथीला एवढेच सांगतो, की या दुरुस्त्या मंजूर झाल्या तर ठरावाची प्रत घेऊन घरी जा आणि आईला वाचून दाखव. तिने दिलेल्या पैशाचा हिशेब तिला समजेल अशा भाषेत मांडता आला, तरच हा ठराव तिचा होईल.