पिकवलेलं कुणीतरी खाल्लं पाहिजे



  

ज्या व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, पदवी आज तुम्ही घेत आहात, त्याचं शिक्षण आपल्या देशात सुरू झालं ते मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, 1950 साली. ते सुरू केलं कमलाबाई निंबकरांनी. त्या मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. त्यांच्या मुलाने, बनबिहारी निंबकरांनी, 1968 मध्ये फलटणला शेती संशोधनाची संस्था काढली. आईने दुबळ्या झालेल्या हातांना काम दिलं आणि मुलगा करडईच्या शेतात रमला. एकाच घरातली ही दोन कामं मला कधीच वेगळी वाटली नाहीत. का, ते सांगते.

माझी नोकरी आणि नंतरची प्रॅक्टिस, सगळी अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यात झाली. आमचा व्यवसायोपचाराचा विभाग म्हणजे बहुतेक ठिकाणी जिन्याखालची खोली. मोडक्या व्हीलचेअरी आणि औषधांची रिकामी खोकी आमच्याच गळ्यात. राउंडला आलेले मोठे डॉक्टर रुग्णाला म्हणायचे, "जा, जरा खाली जाऊन टाइमपास करून या." हे मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि आजही ते आठवलं की संताप येतो. बोटांची पकड, खांद्याची हालचाल, लक्ष किती वेळ टिकतं, हे सगळं आम्ही मोजून लिहीत होतो आणि त्याला नाव काय, तर टाइमपास!

रुग्णांना आम्ही मणी ओवायला द्यायचो. संध्याकाळी माळ सोडवून मणी पुन्हा डब्यात, सकाळी तेच मणी दुसऱ्याच्या हातात. एक आजोबा होते, गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम. 1982 च्या गिरणी संपानंतर परळची खोली सुटली आणि ते मुलाकडे मुलुंडला आले. पुढे उजव्या अंगावरून वारं गेलं. माळ हातात धरून त्यांनी मला विचारलं, "बाई, हे ओवून मी कुणाला देऊ?"

मग आम्ही मेथी पेरली. समुद्रमेथी तुम्ही बाजारात पाहिली असेल, छोट्या छोट्या जुड्या, मुळांना वाळू लागलेली. ती वाळूत वाढते आणि फार वाट पाहायला लावत नाही. खचलेल्या माणसाला चार महिने थांब म्हणून सांगता येत नाही. मेथीचा दाणा तिसऱ्या दिवशी फुटलेला दिसतो. दुकानातून फळांच्या पेट्या आणल्या, रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं मागून आणली, वर वाळू-मातीचा थर. तीन बोटांच्या चिमटीत दाणे धरून ओळीत सोडायचे, हाच आजोबांचा व्यायाम. ज्यांना मणी धरवत नव्हते त्यांना दाणे धरता यायला लागले, कारण दाणे सोडायला एक जागा होती. कुणाच्या पेटीला कुणी पाणी घातलं यावरून दोघांची भांडणं झाली. महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून बसणारी ती माणसं. मला त्या भांडणाचा आनंद झाला.

पहिली मेथी निघाली आणि आम्ही ती स्वयंपाकघरात घेऊन गेलो. तिथे उत्तर मिळालं, "पेशंटच्या हातची भाजी घेता येणार नाही. जबाबदारी कोण घेणार?" जुड्या आजोबांच्या डोळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी आजोबा खाली आले नाहीत. त्या इस्पितळाचं नाव मी घेणार नाही, पण हेच उत्तर मला नंतरही अनेक ठिकाणी मिळालं.

पुढची मेथी आम्ही आयाबाईंना दिली. त्यातल्या एकीने दुसऱ्या दिवशी आजोबांना येऊन सांगितलं, "बाबा, कडू निघाली हो. अजून कोवळी असताना काढत जा." त्या तक्रारीने आजोबांची मान ताठ झाली. पेशंट म्हणून त्यांची कीव करणारे पुष्कळ होते. भाजी पिकवणारा म्हणून त्यांना बोल लावणारी ती पहिलीच.

बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं, त्याची गोष्ट याच अंगाने वाचा. कुष्ठरोगाने बोटं झडलेल्या माणसांनी खडकाळ जमिनीत विहीर खणली, भाजी पिकवली. सुरुवातीला आसपासचे लोक ती भाजी विकत घ्यायला तयार नव्हते. ती घेतली जाऊ लागली तेव्हा कुष्ठरोग्याला समाजाने परत घ्यायला सुरुवात केली, असं मी मानते.

झाडं पाहून रुग्ण लवकर बरे होतात का, यावरचा रॉजर उलरिख यांचा 1984 चा अभ्यास तुम्ही वाचला असेल. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास मोलाचा आहे, पण तो नुसत्या पाहण्याचा आहे. आता मॉलमध्ये रविवारी काचेच्या भांड्यात निवडुंग लावून देतात आणि त्याला उपचार म्हणतात. माणूस भांडं घेऊन घरी जातो आणि पुन्हा एकटाच बसतो. हा उपचार नव्हे. तुमच्या पदवीच्या जोरावर असल्या गोष्टींना मान्यता देऊ नका.

घाटकोपरला पुनर्वसनाच्या इमारतीतल्या बायकांबरोबर मी काम केलं. बैठ्या घरात असताना त्यांच्या दाराशी तुळस असे, मोरीच्या पाण्यावर अळू वाढे, आणि फदफदं केलं की वाटी शेजारी जाई. सातव्या मजल्यावर दार बंद, झोप नाही, छातीत धडधड. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत आम्ही अळू लावला, वाट्या पुन्हा फिरू लागल्या. मग गच्ची गळते म्हणून सोसायटीने डबे काढायला लावले. गळती अळूमुळे नव्हती, डबे गेल्यावरही ती थांबली नाही. त्या बायकांसाठी भांडायला कमिटीत कुणी नव्हतं.

रुग्णांना बागकामाला लावताना काळजी घ्यायला हवीच. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्याची कातडी उन्हात लवकर भाजते, त्याला सावलीतलं काम द्या. मधुमेही माणूस अनवाणी मातीत जाता कामा नये. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. कण्हेर लावू नका. हे सगळं कागदावर लिहून, सही करून वरिष्ठांपुढे ठेवा, म्हणजे "जबाबदारी कोण घेणार" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल: मी घेणार.

आणि एवढं माझं ऐकाच. रुग्णाने पिकवलेलं फेकू देऊ नका. पेरण्याआधी ते कोण खाणार हे ठरवा. खाणारा नसेल तर पेरू नका, आधी खाणारा शोधा. ज्या इस्पितळात, शाळेत, वृद्धाश्रमात रुजू व्हाल, तिथल्या स्वयंपाक्याची पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या.