जुन्या संगणकांचे काय करायचे?

(वार्षिक कार्यकर्ता बैठकीत दृक्‌श्राव्य विभागाच्या वतीने झालेल्या निवेदनाचा हा मजकूर.)



दरवर्षी या बैठकीत वसतिगृह, शेती, आरोग्य यांची निवेदने होतात आणि जेवणाची घंटा होता होता आमच्या विभागाचे नाव पुकारले जाते. यंदा मला आधी बोलू दिले, कारण विषय पैशाचा आहे. आपल्या एका हितचिंतकांनी आमच्या खोलीतले तीन संगणक पाहिले आणि म्हणाले, "हे भंगारात द्या. नवे घ्या, एडिटिंगचे नवे सॉफ्टवेअर घ्या, मी रक्कम देतो." त्यांचे मन मोठे आहे. तरीही आम्ही त्यांना थांबायला सांगितले. त्याचे कारण सांगायलाच उभा आहे.

आपल्यापैकी जुन्यांना सर्पदंशाची फिल्म आठवत असेल. २०११ साली जव्हारजवळच्या एका पाड्यावर आपण ती वारली बोलीत केली. त्यात एक आजी बोलतात. "साप चावला तर आधी भगताकडं नको, दवाखान्यात चला," हे त्या ज्या ठसक्यात सांगतात, तो ठसका आपल्या कोणत्याही कार्यकर्त्याच्या तोंडी आला नसता. दर पावसाळ्याआधी ती फिल्म आश्रमशाळांतून आणि पाड्यांवरून दाखवली जाते.

मागच्या वर्षी एका मुलाला पायाला चिंधी करकचून बांधून दवाखान्यात आणले. पाऊल काळेनिळे पडले होते. मूल वाचले, पायही वाचला. डॉक्टरांनी बापाला विचारले, असे का बांधले? तो म्हणाला, "तुमच्याच पिक्चरमधी दाखवलंय." खरेच होते ते. त्या फिल्ममध्ये वीस सेकंदांचे एक दृश्य आहे, चावलेल्या जागेच्या वर घट्ट फडके बांधण्याचे. तेव्हा तसेच सांगत असत. आता सांगतात की बांधू नका, कापू नका, चोखू नका. मोडलेल्या हाताला लावतो तशी फळी लावून तो भाग हलू देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. शिवाय १०८ ची गाडी आपल्याकडे २०१४ ला सुरू झाली, म्हणजे फिल्ममध्ये तिचा पत्ताच नाही.

तेव्हा काम एवढेच होते: वीस सेकंद काढायचे, नवे घालायचे. आजी आता नाहीत. नव्याने चित्रीकरण करायचे तर त्यांचा आवाज जाणार. जुनीच फिल्म उघडून दुरुस्त करायला हवी होती, आणि गाडी तिथेच अडली.

आमचे संगणक २०१० चे. त्यांवर ३२-बिटची विंडोज. अशा यंत्रणेला चार जीबीच्या पुढची मेमरी वापरताच येत नाही. सॉफ्टवेअर ॲडोबी प्रीमियरचे, २००८ मधले. त्याची पुढची आवृत्ती २०१० ला आली ती ६४-बिटवरच चालणारी. आणि २०१३ पासून नव्या आवृत्त्या विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात. हप्ता भरायचा आणि अधूनमधून इंटरनेटला जोडून परवाना तपासून घ्यायचा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही किती दिवस असते, ते तुम्हांला मी काय सांगू!

आरोग्य विभागाच्या ताईंनी नवे दृश्य मोबाइलवर छान टिपून आणले. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरने ते उघडलेच नाही. आजचे बरेच मोबाइल ज्या पद्धतीने व्हिडिओ दाबून साठवतात, ती पद्धत २००८ साली नव्हतीच. मग मी एक शहाणपणा केला. ओळखीच्या एकाच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती चाचणीपुरती होती, तिच्यात आपली जुनी फाइल उघडली. उघडली! आनंदाच्या भरात थोडे काम केले आणि त्याच नावाने सेव्ह केले. चाचणीची मुदत संपली, फाइल घरी आणली, आणि जुन्या सॉफ्टवेअरने ती ओळखायला नकार दिला. नवी आवृत्ती जुनी फाइल वाचते. नवीने लिहिलेले जुनीला वाचता येत नाही. हे मला माहीत असायला हवे होते. त्या रात्री मी कोणाला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सांगितले. वसतिगृहातून शिकून गेलेला आणि आता आमच्याकडे काम करणारा एक मुलगा म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर मधूनमधून आपोआप एक प्रत ठेवतं, ती बघितली का?" सर्वांत जुन्या संगणकाच्या एका कोपऱ्यात २०११ ची ती प्रत सापडली. ती उघडली, पण निम्म्या जागी लाल पाट्या, कारण मूळ दृश्ये दुसऱ्या डिस्कवर होती आणि काही कोणीतरी, बहुधा मीच, जागा करण्यासाठी पुसली होती. तेवढी टेपवरून परत उतरवून घेतली. मोबाइलचे दृश्य हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरने जुन्याला कळेल अशा रूपात बदलले. मृग लागण्याआधी नवी फिल्म आश्रमशाळांत पोचली. जुन्या सीडी परत मागवल्या आहेत. ज्यांच्याकडे अजून असतील त्यांनी कृपया आजच द्याव्यात.

या सगळ्यातून आमच्या लक्षात आले की संगणक बदलायचे की नाही, या प्रश्नाआधी खोलीत काय काय अडकले आहे ते मोजायला हवे. मोजले. ६२ मिनी डीव्ही टेप. त्यांत धवलेरींची लग्नातली गाणी आहेत, तारप्याचे नाच आहेत, बियाणे राखण्याच्या रीती आहेत. एका तासाच्या टेपला साधारण १३ जीबी जागा लागते, म्हणजे सगळे मिळून आठशे जीबी. जागा आज स्वस्त आहे. पण एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो, आणि त्यासाठी लागणारी फायरवायरची खाच नव्या संगणकांना सहसा नसतेच. ती आमच्या त्या भंगारात आहे.

म्हणून असे ठरवले. सर्वांत जुना संगणक तसाच ठेवायचा, तेच सॉफ्टवेअर, इंटरनेट तोडलेले. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० ला बंद झाली, त्यामुळे त्याला नेटवर सोडणे धोक्याचे. तो फक्त टेप उतरवेल आणि जुन्या फिल्म पूर्ण रूपात बाहेर काढील. उरलेल्या दोघांचे प्रोसेसर मुळात ६४-बिटचेच होते, आपणच त्यांवर ३२-बिटची विंडोज घातली होती! विंडोज ११ त्यांना झेपणार नाही, आणि १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यांत मेमरी वाढवून आणि एसएसडी बसवून लिनक्स टाकले आणि केडेनलाइव्ह हे विनामूल्य एडिटिंग सॉफ्टवेअर घेतले. ते जड व्हिडिओच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करू देते आणि शेवटी मूळ दृश्ये वापरते. वेग फार नाही. फिल्म तयार व्हायला लावून चहाला जावे लागते, कधी जेवायलाही.

बैठकीत याला विरोध झाला. आमचा तोच मुलगा म्हणाला की दोन मिनिटांचे व्हिडिओ तो मोबाइलवरच करतो, संगणक कशाला? त्याचे बरोबर आहे. छोटी कामे आता मोबाइलवरच होतात.

एक त्रास मात्र खरा आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केले की जोडाक्षरे तुटायची, पहिली वेलांटी भलतीकडे जायची, 'जव्हार'सुद्धा धड उमटेना. म्हणून आपण सगळ्या पाट्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केल्या. नव्यात युनिकोड नीट उमटते, पण त्या जुन्या पाट्या तिथे निरर्थक अक्षरे होऊन येतात. त्या पुन्हा टाइप करायच्या आहेत, आणि माझी बोटे अजून जुन्या कीबोर्डवरच फिरतात.

हितचिंतकांना आम्ही कळवले आहे की नव्या संगणकाचे पैसे पुढच्या वर्षी मागू, आत्ता दोन मोठ्या हार्ड डिस्क द्या. प्रत्येक टेपच्या दोन प्रती, एक इथे आणि एक दुसऱ्या केंद्रात.

आजपर्यंत २१ टेप झाल्या, ४१ राहिल्या आहेत. आमच्या कॅमेऱ्याचे हेड आता कुरकुरते, टेप खाईल अशी भीती वाटते. कोणाच्या माळ्यावर लग्नाच्या शूटिंगचा जुना मिनी डीव्ही कॅमेरा पडला असेल आणि तो टेप फिरवत असेल, तर जेवणानंतर मला जरूर भेटा. चार्जर नसला तरी चालेल.