फोनला आपले शब्द शिकवूया

आज बोलू मोबाइलच्या कीबोर्डाबद्दल.

दोन अक्षरं लिहिली की वर शब्द सुचतात. ते कीबोर्डातल्या शब्दकोशातून येतात. त्यात पुस्तकातले शब्द भरपूर. आपली निंदणी, सरकी, माळवं सापडेलच असं नाही. मग फोन आपल्या मनानं शब्द बदलतो. आमच्या गटात निरोप लिहिला 'सरकीचे पैसे आले', गेला 'सरकारचे पैसे आले'. दुसऱ्या दिवशी बाया पासबुक घेऊन बँकेत! त्या दिवसाची मजुरी बुडाली.

उपाय सोपा आहे. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'शब्दकोश', त्यात 'वैयक्तिक शब्दकोश' उघडा. मराठी निवडा, अधिकचं चिन्ह दाबा, शब्द लिहा. झालं.

हेलीबोर्ड नावाचा मोफत कीबोर्डही आहे. त्यात शब्दकोशाची अख्खी फाइल घालता येते. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही. लिहिलेलं फोनमध्येच राहतं. हिशोब लिहिणाऱ्या गटाला हे मोलाचं.

आम्ही बैठकीत वहीत शब्द जमवले: पिकांचे, कामांचे, अंबड-भोकरदनकडच्या गावांचे. शुद्ध कोणता यावर वाद झाला. ठरलं असं, की बाया बोलतात तोच शब्द घालायचा. वही जपून ठेवली, कारण फोन बदलला तर यादी पुन्हा भरावी लागू शकते.

खाते क्रमांक, पिन मात्र शब्दकोशात घालू नका. आणि पैशाचा निरोप धाडण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं पाच शब्द आणा. आपली बोली आपणच फोनला शिकवायची.