देवळाच्या आवारातील गोल दगड

(जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धाराचे काम निघाले म्हणजे प्रथम आवार साफ होते. झुडपे तुटतात, पडक्या ओवरीची माती उपसली जाते, आणि त्या मातीबरोबर कधी कधी एक भला मोठा गोल दगड वर येतो. तीन-साडेतीन फूट व्यासाचा, फूटभर जाडीचा, मधोमध आरपार भोक पाडलेला. मग त्याच्याभोवती माणसे जमतात आणि मते सुरू होतात. एक म्हणतो, हे राक्षसाचे जाते. दुसरा म्हणतो, तोफेच्या गाड्याचे चाक. तिसऱ्याला तो तेलाच्या घाण्याचा दगड वाटतो. काम घेतलेला कारागीर मात्र शांतपणे सांगतो, ‘पायरीला बरा आहे, दोन तुकडे निघतील.’ पहिल्या तिघांचे चुकले तरी दगडाचे काही बिघडत नाही. चौथ्याचे ऐकले की दगड संपला.

असा दगड बहुधा चुन्याच्या घाण्याचे चाक असतो. परंतु नुसत्या ‘बहुधा’वर भागत नाही. ज्या अवजाराचा वापर बंद पडला आणि वापरणारी माणसेही गेली, त्याचे काम ओळखायचे तर ते कोठे झिजले आहे हे आधी पाहावे लागते. नांगराचा फाळ टोकाला झिजतो, विळा धारेला झिजतो, पाटा मध्यभागी खोल होतो. दगडालाही हाच नियम लागू आहे.

जात्याचे काम त्याच्या सपाट तोंडावर चालते. म्हणून तेथे टाकी लावल्याच्या खुणा असतात, वरच्या तळीला खुंट्याचे भोक असते, आणि जाते कधी एकटे नसते, दोन तळ्यांची जोडी असते. तेलाच्या घाण्याचा दगड म्हणजे खोल उखळ. त्यात लाट उभी फिरते. त्याला चाकाचा आकार येण्याचे कारणच नाही. राहिली तोफ. तीन फूट व्यासाचे आणि फूटभर जाडीचे काळ्या पाषाणाचे चाक साडेपाचशे किलोच्या आसपास भरते. तोफेच्या गाड्याला असली चाके लावली, तर तोफ राहिली बाजूला, चाके ओढण्यालाच बैल पुरणार नाहीत. तोफांच्या गाड्यांना लाकडी चाके आणि त्यावर लोखंडी धावा असत.

आता या गोल दगडाकडे पुन्हा पाहावे. सपाट बाजू खडबडीत आहेत, छिन्नीचे घाव अजून दिसतात. कडेची रुंद पट्टी मात्र गुळगुळीत झालेली आहे आणि तिचे काठ बोथट झाले आहेत. मधल्या भोकाचा आतला भागही घासून तुळतुळीत झालेला आहे. म्हणजे हा दगड आडवा पडून काम करीत नव्हता. उभा राहून, भोकातून घातलेल्या लाकडी दांड्यावर, एखाद्या वाटेने फिरत होता. ती वाट कोठली?

मळणीचे जुने खळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना उत्तर लगेच सुचेल. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बांधलेली बैलांची पात गोल गोल फिरते आहे. चुन्याच्या घाण्यातही असाच मधला खांब. त्याच्याभोवती दगडांनी बांधलेला गोल चर, खांबापासून सुमारे दहा ते पंधरा फुटांवर. खांबाला अडकवलेला लांब दांडा चाकातून पार जातो आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला बैल जुंपतात. बैल फिरला की चाक चरातून घरंगळते आणि चरातला चुना, वाळू व विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, एकजीव होते.

येथे एक गंमत आहे. चाक फूटभर रुंद असेल तर चराच्या बाहेरच्या काठाची वाट आतल्या काठापेक्षा लांब असते, आणि हा फरक दर फेऱ्याला सव्वासहा फूट पडतो. चर लहान असो वा मोठा, फरक तेवढाच. चाक तर एकच आणि अखंड. त्यामुळे ते निव्वळ घरंगळू शकत नाही. घरंगळता घरंगळता घासतही जाते. माल चेपणे आणि रगडणे ही दोन्ही कामे एका चाकाने व्हावीत, ही त्या कारागिरांची योजना. त्यांनी वर्तुळाचे गणित कागदावर मांडले नसेल, पण ते त्यांच्या हाताला पक्के ठाऊक होते. चाकाचे काठ बोथट का झाले, याचाही उलगडा येथेच होतो.

खात्री करण्याचा आणखी एक उपाय घरगुती आहे. दगडाच्या खाचेत पांढरट कवच चिकटून असेल तर त्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. चुना असेल तर बारीक बुडबुडे येतात. मात्र काळ्या पाषाणात निसर्गतःच पांढऱ्या शिरा असतात आणि त्यातल्या काही शिराही फसफसतात. शीर दगडाच्या आत शिरलेली असते. चुना वरून बसलेला असतो. हा फरक पाहूनच निर्णय करावा. मूर्तीवर किंवा कोरीव कामावर हा प्रयोग कोणीही करू नये.

दगडावरच्या खुणा वाचून निकाल लावण्याचे मोठे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणारचे सरोवर लवणासुराच्या कथेने प्रसिद्ध. ते ज्वालामुखीने झाले असावे असे अनेक अभ्यासक दीर्घकाळ मानीत होते. सरोवराच्या तळातून व काठावरून काढलेल्या दगडांत प्रचंड आघाताच्या खुणा, आघाताने बनलेली काच, सापडली, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्केच्या आघाताचे विवर असल्याचे दाखविले. कथा आपल्या जागी राहिली. दगडाने आपली हकीकत वेगळी सांगितली.

घाण्यात पडणारा चुना तयार करणे हे तर स्वतंत्र शास्त्रच होते. चुनखडी भट्टीत भाजायची, की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो उकळून फुटतो आणि विरतो. मग तो ओला ठेवून मुरवायचा. मुरलेला चुना घाण्यात घालायचा. भिंतीत बसल्यावर तो हवेतला वायू हळूहळू शोषतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत दगडाचा चुना झाला, भिंतीत चुन्याचा दगड झाला. सुरखी मिसळली तर तो ओलाव्यातही धरतो. म्हणून हौद, विहिरी, तलावांची कामे यांना सुरखीचा चुना लागे. कोठे गुळाचे पाणी, कोठे बेलफळाचा गर, कोठे हिरड्याचे पाणी, कोठे उडदाचे पीठ घालीत. प्रत्येक गवंड्याचा पाठ निराळा आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटे.

घाण्यावरून काळाचाही अंदाज बांधता येतो, पण तेथे घाई नको. लोणारच्या दैत्यसूदनासारखी ज्यांना लोक हेमाडपंती म्हणतात ती मंदिरे चुना न वापरता, दगडात दगड गुंतवून उभी केलेली आहेत. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या नावावर चढलेली काही मंदिरे त्याच्याही आधीची आहेत. अशा मंदिराजवळ घाण्याचे चाक सापडले, तर ते मूळ बांधणीचे नव्हे, पुढच्या काळात झालेल्या दुरुस्तीचे, आवारभिंतीचे किंवा विटांच्या शिखराचे असण्याचा संभव अधिक. याचा अर्थ असा की, त्या देवळाचा जीर्णोद्धार पूर्वीही एकदा झालेला आहे. त्या वेळच्या देणगीदारांची यादी राहिली नसेल. चाक राहिले आहे. सिंदखेडराजाचा काळ यानंतरचा. जिजाऊसाहेबांचा जन्म १५९८ चा, लखुजीराजे जाधवांचा मृत्यू १६२९ चा. त्या काळापर्यंत विटांची आणि चुन्याची बांधकामे सर्वत्र रूढ झाली होती. लोहगडावर चुन्याचा घाणा आजही चरासकट पाहायला मिळतो. शंका असेल त्याने तेथे जाऊन चाक आणि चर एकत्र पाहावेत.

मग इतक्या नेहमीच्या वस्तूची ओळख पुसली कशी? सिमेंट आले. इंग्लंडात पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले गेले आणि हिंदुस्थानात १९१४ साली पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. पोते फोडले, पाणी घातले, काम सुरू. भट्टी नको, मुरवणे नको, बैल नको. दोन-तीन पिढ्यांत घाणे बंद पडले. चर बुजले, लाकडी दांडे चुलीत गेले, आणि चाक तेवढे उरले, कारण ते उचलणे कोणाला परवडले नाही. अशा वेळी वाड्यातल्या शिकलेल्या माणसापेक्षा लोणारी, बेलदार, वडार, पाथरवट, गवंडी यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारावे. चुना भाजणे हा लोणारी समाजाचा परंपरागत धंदा. त्या घरांतली आठवण पुस्तकात आलेली नाही.

हा सारा खटाटोप केवळ कुतूहलाचा नाही. चाक ओळखले की आवारातली जुनी भिंत बहुधा चुन्याची आहे हे कळते, आणि दुरुस्तीची रीत त्यावर ठरते. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढविला की आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही. काही वर्षांनी गिलावा फुगतो आणि जाताना जुन्या विटांचे पापुद्रे घेऊन जातो. देणगीचा पैसा लागतो आणि भिंत मात्र पूर्वीपेक्षा दुबळी होते. म्हणून पुरातत्त्व खाते जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला चुनाच वापरते. काम वेळ खाते, खर्चही वाढतो, हे खरे. पण गाभाऱ्याच्या भिंतीबाबत घाई कशासाठी?

वस्तू सापडली ती जागा वस्तूइतकीच महत्त्वाची असते. २०२४ साली सिंदखेडराजा येथे लखुजीराजांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचे जतनाचे काम चालू असताना काही दगड दिसले. त्यांचा माग काढीत खणले तेव्हा जुन्या मंदिराचा भाग आणि पुढे शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. पहिलेच दगड कोणी उचलून बांधाला टाकले असते, तर माग तेथेच तुटला असता. जमिनीतून मूर्ती, नाणी, ताम्रपट असे काही निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते, हेही विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे.

घाण्याच्या चाकाला एवढे सोपस्कार लागत नाहीत. ते हलविण्यापूर्वी जागेचे दोन-तीन फोटो घ्यावेत, व्यास, जाडी आणि भोक यांची मापे देवस्थानच्या वहीत लिहावीत, आणि फोडू नये. काही गावांत अशा दगडाला शेंदूर लागतो. लागला तर लागू द्यावा. शेंदूर लावलेल्या दगडाला सुतकी घालायला कोणी धजत नाही. एक काम मात्र वेळेत झाले पाहिजे. एवढे वजन कोणी फार लांब नेत नाही, तेव्हा चर जवळपासच, वीस-पंचवीस पावलांच्या आत, मातीखाली असण्याचा संभव आहे. आवारात फरशी घालण्यापूर्वी तेवढी जागा हलक्या हाताने उकरून पाहावी. फरशी एकदा बसली, की तो शोध पुढच्या जीर्णोद्धारापर्यंत लांबला.