वाडी राखायची तर कोठे शिकावे?

(काशीद येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



प्रथम माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दहावी झालेला एक मुलगा सल्ला विचारण्यास आला होता. मी स्वतः बी. ए., बी. एड.; मला ठाऊक असलेली वाट मी दाखविली आणि त्याने कला शाखा घेतली. पुढे 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. त्याच्या वडिलांच्या वाडीतील पोफळी एका दुपारात आडव्या झाल्या. बारावीनंतर तो म्हणाला, "सर, मला शेतीचेच शिक्षण घ्यायचे आहे." कृषी पदवीला बारावी विज्ञान लागते, हे मला त्याला तेव्हा सांगावे लागले. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

मुलगा हुशार असला तर इंजिनिअर, नसला तर आखातात, आणि वाडी म्हाताऱ्या आईच्या व गड्याच्या भरवशावर, अशी आपल्याकडची रीत. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षे जातात. तोवर त्या जागेत काय घ्यावे, रोप कोणते निवडावे, हे अंदाजाने ठरविण्याचे दिवस गेले.

हे शास्त्र शिकविणारे कोकण कृषी विद्यापीठ दापोलीला 1972 पासून आहे. नीलम व हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा त्याच विद्यापीठाने काढला. कृषीची पदवी चार वर्षांची. शिवाय उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी हेही आहे. ज्यांच्या दारी होडी आहे त्यांनी रत्नागिरीजवळील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा विचार करावा. ते 1981 सालचे. आपल्याच जिल्ह्यात कर्जतला भाताचे आणि पनवेलला खारभूमीचे संशोधन केंद्र आहे. खाजणातल्या खारटपणाला टिकणारे भाताचे वाण पनवेलने दिले. मुलांना एकदा तरी तेथे नेऊन आणा.

आंबा, कोकम, मासळी टिकवून विकण्यात ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी अन्नतंत्रज्ञान आहे. परभणीचे त्याचे महाविद्यालय 1976 पासून चालू आहे. लांब आहे खरे, पण कुवेतपेक्षा जवळच! मुलींनीही हा विषय जरूर पाहावा. घरचे लोणचे-पापड कोण करते, हे मी सांगायला नको.

सरकारी नोकरीचे मात्र खोटे आश्वासन देणार नाही. कृषी खात्यात व बँकांत जागा असतात, पण अर्जही फार येतात. घरची वाडी असणाऱ्याला तेवढ्यावर अवलंबून राहावे लागत नाही, इतकेच.

प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. ज्याला बारावी विज्ञान झेपणार नाही त्याला दहावीनंतर कृषी पदविकेची वाट आहे. अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी गुणपत्रिका घेऊन मला भेटा. रविवारी सकाळी मी शाळेतच असतो. तो मुलगाही येतो. वाडीत पुन्हा लावलेली रोपे आता त्याच्या डोक्यावर गेली आहेत, आणि धाकट्या भावाला त्याने विज्ञान शाखेत घातले आहे.