वर्गाबाहेर थांबू नका



शाळा सुटल्यावर मुलांना रोबोटिक्सच्या वर्गाला सोडून पालक बाहेर थांबतात. ‘आम्हाला यातलं काय कळतंय?’ म्हणतात. हे ऐकतच मूल वाढलं, की त्याच्यासाठी घर वेगळं आणि विज्ञान वेगळं होतं.

अरविंद गुप्तांची खेळणी आठवा. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या, तर चौकोन डगमगतो, त्रिकोण आकार सोडत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोणच का, हे सुतारकाम केलेले आजोबा माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आपल्या शाळेत शनिवारी असा वर्ग सुरू करू या. साहित्य मी आणते, कोडिंगही शिकवते. अट एकच : प्रत्येक मुलासोबत घरातलं एक मोठं माणूस बाकावर हवं.